चवदार तळ्याचे पाणी शाळेच्या वेळापत्रकात कधी येणार?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. 'शेततळ्यात बुडून दोन भावंडांचा मृत्यू.' कधी शेततळ्याच्या जागी खदान असते, कधी विहीर, कधी नदीचा डोह, कधी पाटबंधारे खात्याचा कालवा. गावाचे नाव बदलते, मुलांची वये बदलतात, बाकी मजकूर तोच राहतो. काठावर कपडे आणि चपला दिसल्या, शोधाशोध झाली, रात्री उशिरा मृतदेह हाती लागले, पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, परिसरात हळहळ व्यक्त होत आहे. चार बोटांच्या जागेत दोन लेकरांचे आयुष्य संपते आणि वाचक पान उलटतो.

आमचा सवाल असा आहे की, दरवर्षी त्याच महिन्यांत, त्याच रीतीने, त्याच वयाची मुले मरत असतील तर त्या मरणाला 'आकस्मिक' कसे म्हणायचे? जे दरवर्षी घडते ते आकस्मिक नसते. पावसाळा येणार हे जसे सगळ्यांना ठाऊक असते, तसेच मे महिन्यात आमची पोरे पाण्यात जाणार हेही सरकारला, शिक्षण खात्याला, ग्रामपंचायतीला आणि आम्हालाही ठाऊक असते. ठाऊक असूनही बंदोबस्त होत नाही, याचे कारण मरणारी मुले कोणाची आहेत यात आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही राज्ये या यादीत वरच्या स्थानी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२१ सालचा जगाचा आकडा सुमारे तीन लाख दिला आहे. त्यांतल्या दर शंभर बळींत सुमारे ४३ जण १५ वर्षांखालील आहेत, आणि दहापैकी नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. म्हणजे बुडून मरणे हा गरिबांच्या लेकरांचा रोग आहे. पण या रोगावर पोलिओसारखी मोहीम निघत नाही आणि घरोघर कोणी विचारायलाही येत नाही.

ही मुले कोण? ज्यांचे आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर, दुसऱ्याच्या रानात रोजंदारीला जातात त्यांची. दिवसभर त्यांच्याकडे बघायला घरात कोणी नसते. ज्यांच्या वस्तीला नळ नाही म्हणून हंडा घेऊन विहिरीच्या काठावर उभ्या राहणाऱ्या पोरींची. शहरात म्हणाल तर झोपडपट्टीच्या मागे दगड काढून काढून पडलेल्या खदानीत पावसाचे पाणी साचते, तीच ज्यांची बाग आणि तोच ज्यांचा तरण तलाव, त्या पोरांची. सदनिकेच्या आवारात निळ्या फरशीचा तलाव असणाऱ्यांची मुले सुट्टीत फी भरून शिबिराला जातात. तिथे शिक्षक असतो, जीवरक्षक असतो, पाण्याची खोली भिंतीवर लिहिलेली असते. आमच्या पोरांच्या खदानीवर खोली लिहिलेली नसते. ती खोली पोराच्या मरणाने कळते.

आम्ही स्वतः असेच पोहायला शिकलो. कोणी पाठीला रिकामा डबा बांधला, कोणाला ट्रकची ट्यूब मिळाली, कोणाला थोरल्या भावाने सरळ ढकलून दिले. जो हातपाय मारून वर आला तो शिकला. आमच्या वस्तीतला एक सवंगडी वर आला नाही. आम्ही काठावर सात-आठ पोरे होतो. एकालाही काय करायचे ते माहीत नव्हते. कोणी रडत घराकडे पळाला, कोणी तिथेच थिजला. काठावर दोर नव्हता, पण एका पोराची आई शेजारीच धुणे धूत होती. तिची ओली लुगडी दगडावर पडलेली होती. एक लुगडे फेकले असते तर तो वाचला असता, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. शाळेत आम्हाला गंगा कुठे उगम पावते ते शिकवले होते. बुडणाऱ्याला लुगडे फेकावे हे कोणी शिकवले नव्हते. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी हजेरीपटावरच्या त्याच्या नावावर लाल रेघ मारली आणि पुढचे नाव घेतले.

पाणी आणि शाळा यांचे आमच्या समाजाशी नाते काय राहिले आहे, हे या पत्राच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे की, शाळेत तहान लागली तरी त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर कोरड्या घशाने घरी जावे लागे. ज्या महामानवाने पुढे या देशाची घटना लिहिली, त्याला पाण्यावाचून ठेवणारी जागा शाळाच होती. हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानातील जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा एक दलित विद्यार्थी मरण पावला. पाण्याच्या माठाला हात लावल्यावरून शिक्षकाने मारले, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला. आपल्या महाराष्ट्रात जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात वाकडी गावी मातंग समाजाची अल्पवयीन मुले विहिरीत पोहली म्हणून त्यांचे कपडे काढून त्यांना मारहाण करण्यात आली. त्याचे चित्रीकरणही करण्यात आले. त्या पोरांचा गुन्हा एवढाच की उन्हाच्या काहिलीत त्यांना पाण्यात उतरावेसे वाटले.

आता जरा इतिहासाकडे पाहू. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी आमच्या माणसांची डोकी फोडली, गोमूत्र आणि शेण ओतून तळे 'शुद्ध' केले आणि प्रकरण न्यायालयात नेले. हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! म्हणूनच घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जगातल्या किती राज्यघटनांत विहिरीचे आणि घाटाचे नाव असेल? आमच्या घटनेत आहे, कारण ती लिहिणाऱ्याला विहिरीचा काठ काय असतो ते माहीत होते.

पण पिढ्यान् पिढ्या ज्यांना तळ्याच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही, त्यांच्यात पोहण्याची विद्या कोठून येणार? बाप पोहतो म्हणून मुलगा शिकतो, आजी नदीवर जाते म्हणून नात पाण्याला ओळखते. ज्या आजीला घाटावर जायलाच बंदी होती, ती नातीला काय शिकवणार? ती भीती शिकवते. 'पाण्याकडे जाऊ नको' एवढेच सांगते. आणि दहा-बारा वर्षांचे पोर भीतीने किती दिवस थांबणार? ते एक दिवस जातेच. बंदी कायद्याने उठली, पण बंदीने मागे ठेवलेले अज्ञान कायद्याने उठत नाही. त्याला शिक्षण लागते.

हे फक्त आमच्याच वाट्याला आलेले नाही. ज्या काळ्या बांधवांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे जुने नाते आहे, ज्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला, त्यांचीही हीच कथा आहे. अमेरिकेत गोऱ्यांच्या तरण तलावांत काळ्यांना उतरू देत नसत. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन येथे काळे आणि गोरे सत्याग्रही मिळून एका हॉटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात आम्ल ओतले. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तर काळ्यांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून सार्वजनिक तलावच बंद करून टाकले, आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवूनही घेतले. महाडचे गोमूत्र आणि सेंट ऑगस्टिनचे आम्ल यांत फरक तो काय? आणि परिणाम पाहा. आज तिथे तलावाच्या दारावर पाटी नाही, तरीही तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीनुसार १० ते १४ वयाची काळी मुले तरण तलावांत बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या ७.६ पट आहे. पाटी काढली, शिकवले मात्र नाही. त्याची किंमत नातवंडे देत आहेत.

मग यावर उपाय काय? उपाय नवीन शोधायचा नाही, तो जगात करून पाहिलेला आहे.

जपानमध्ये ११ मे १९५५ रोजी 'शिउन मारू' नावाची बोट बुडाली. १६८ माणसे मेली, त्यांत १०० शाळकरी मुले होती, सहलीला निघालेली. त्या राष्ट्राने नुसती हळहळ व्यक्त केली नाही. गावोगावच्या शाळांत पोहण्याचे तलाव बांधले आणि पोहणे हा शाळेचा विषय केला. आपल्याकडे काय झाले? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून सहलीची १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. अशा दुर्घटनांनंतर आपल्याकडे सहलींवर बंधने घालणारी परिपत्रके निघतात. मुलांना पाण्यापासून दूर ठेवा, असा त्यांचा सारांश असतो. मुलांना पाण्यात जगायला शिकवा, असे एकही परिपत्रक सांगत नाही.

कोणी म्हणेल, जपान श्रीमंत आहे. ठीक आहे, बांगलादेश घ्या. आपल्यासारखाच गरीब, दाटीचा, घरोघर डबकी आणि तळी असलेला देश. तिथे २००५ नंतर 'स्विमसेफ' नावाने काम सुरू झाले. संगमरवरी तलाव बांधले नाहीत. गावच्याच तळ्यात बांबूचे मचाण आणि कठडा उभारून पाण्याची खोली मुलांच्या छातीइतकी केली, गावातल्याच तरुण मुलामुलींना शिक्षक म्हणून तयार केले आणि टप्प्याटप्प्याने धडे दिले. शेवटी मुलाला तीन गोष्टी आल्या पाहिजेत : २५ मीटर पोहणे, अर्धा मिनिट पाण्यावर तरंगून राहणे आणि स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला वाचवणे. याचा परिणाम तपासला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे शिक्षण घेतलेल्या ४ ते १२ वयाच्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. शंभरातली नव्वद लेकरे घरी परत येतात, आणि तीही बांबूच्या मचाणावर! यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय कोणत्या खात्याकडे आहे? २०२२ मध्ये तिथल्या सरकारने तो स्वतःच्या योजनेत घेतला. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांवरील शाळकरी मुलांना पोहणे, जलसुरक्षा आणि सुरक्षित बचाव शिकवा असे सांगते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला आहे. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये या विषयावर धोरणात्मक आराखडा काढला. आराखडे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरापर्यंत मात्र त्यातले काहीच पोहोचलेले नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पोहणे आणि जलसुरक्षा हे शाळेच्या वेळेत, शाळेच्या वेळापत्रकात, गणित-मराठीसारखे प्रत्येक मुलाला शिकवले पाहिजे. आम्ही 'शाळेच्या वेळेत' या शब्दांवर जोर देतो, त्याला कारण आहे. जे शाळेनंतर असते ते फी भरणाऱ्यांचे असते. जे सुट्टीत असते ते ज्यांना सुट्टी परवडते त्यांचे असते. शाळा सुटली की आमची पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेते, चूल पेटवते, पाणी भरते. आमचा पोरगा शेळ्या घेऊन जातो किंवा टपरीवर कपबशा विसळतो. त्यांना संध्याकाळी पाच ते सहाचा वर्ग काय कामाचा? शाळेचे तास एवढीच वेळ अशी आहे की जेव्हा मजुराचे मूल आणि मास्तरचे मूल एका जागी असतात. समतेला तेवढीच पाच-सहा तासांची जागा मिळालेली आहे. ती सोडून बाहेर जे जे ठेवाल ते ते जातीच्या आणि पैशाच्या हाती जाईल.

आणि सगळी मुले एका पाण्यात उतरतील, हेही लहान गोष्ट समजू नका. सर्व जातींची लेकरे वर्गमित्र म्हणून एका तळ्यात हातपाय मारतील, एकाने दुसऱ्याचा हात धरून त्याला तरंगायला शिकवले जाईल, त्या दिवशी महाडचे काम पुढे सरकले असे म्हणता येईल. ज्याच्या आजोबाने तळे 'शुद्ध' केले असेल त्याचा नातू आमच्या नातवाचा हात धरून पाठीवर तरंगेल. एकत्र भोजनाचे फोटो पुष्कळ छापून आले. आता एकत्र पोहण्याचा तास होऊ द्या.

यावर आक्षेप येतील, ते आम्हाला माहीत आहेत. पहिला आक्षेप : मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पोहण्याच्या गप्पा मारता? हा प्रश्न खरा आहे, पण पाण्याची टंचाई असलेल्या गावातच विहीर खोल जाते आणि आमची पोरगी दोरावर लोंबकळत तळाला उतरते. त्याच दुष्काळी भागात सरकारने २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' दिले. शेतकऱ्याला पाणी मिळाले, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या तळ्याला आतून प्लास्टिकचा गुळगुळीत कागद असतो. त्यात पडलेल्या माणसाला काठ असूनही वर चढता येत नाही, पाय घसरत राहतो. कुंपण, गाठी मारलेला दोर, काठाला बांधलेले जुने टायर, एवढ्याने जीव वाचतो. तळ्याला अनुदान द्यायचे आणि दोराची सक्ती करायची नाही, हा कसला हिशेब?

दुसरा आक्षेप : तलाव कुठे आहेत? शहरांत आहेत. नगरपालिका आणि महानगरपालिकांनी जनतेच्या पैशातून बांधलेले आहेत. सकाळी सदस्य पोहतात, संध्याकाळी सदस्य पोहतात, भर दुपारी बहुतेक ठिकाणी पाणी नुसते निळे दिसत पडून असते. ती वेळ नेमकी शाळेची आहे. पालिकेचा तलाव आणि पालिकेची शाळा एकाच गावात असून त्यांची गाठ पडू नये, हा योगायोग नाही. खेड्यात तीन-साडेतीन फूट पाण्याचे साधे टाके चालेल, तळे असेल तिथे बांबूचा कठडा चालेल. शिवाय अर्धी जलसुरक्षा पाण्यावाचूनही शिकवता येते. बुडणाऱ्यामागे उडी मारू नका, तो घाबरून तुम्हालाही मिठी मारतो. दोर फेका, साडी फेका, बांबू पुढे करा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका, मोठ्याने हाक मारा. हे शाळेच्या मैदानात तासाभरात शिकता येते. एका पोरामागे दुसरे आणि दुसऱ्यामागे तिसरे जाते, म्हणून एका घरात दोन-दोन तिरड्या बांधाव्या लागतात. हा एक धडा मिळाला तर दुसरी तिरडी वाचते. तसेच बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरून गरगर फिरवणे, पोट दाबणे, मिठात पुरणे हे सगळे अज्ञान आहे. त्यात जे चार मिनिटे हातात असतात तीच जातात. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबत राहायची, हे सातवी-आठवीच्या मुलांनासुद्धा शिकवता येते.

तिसरा आक्षेप : शिक्षकांना आधीच शाळाबाह्य कामांचे ओझे आहे. अगदी खरे. म्हणूनच आम्ही शिक्षकांच्या डोक्यावर हे ओझे टाकायला सांगत नाही. गावोगाव पोहण्यात तरबेज तरुण आहेत. धरणात, नदीत प्रेत अडकले की पोलीस पाटील रात्री-अपरात्री भोई, कोळी, धीवर वस्तीवर जाऊन त्यांनाच उठवतो. प्रेत काढून दिले की त्यांचे काम संपते. ना वेतन, ना विमा, ना नाव. ज्या विद्येने प्रेत काढता येते त्याच विद्येने जीव वाचवता येतो, एवढा विचार व्यवस्थेला सुचला नाही. या तरुणांना रीतसर प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या, पगार द्या आणि शाळेत शिक्षक म्हणून उभे करा. मात्र हे काम कोणा एका जातीच्या गळ्यात बांधू नका. पाण्याची विद्या जातीची राहिली म्हणूनच आजचे दिवस आले. जो प्रशिक्षण घेईल तो शिक्षक, मग तो कोणत्याही वस्तीतला असो. मुलींसाठी महिला शिक्षिका असल्याच पाहिजेत आणि अंगभर कपड्यात पोहण्याची मुभा असली पाहिजे. पोरगी विहिरीत पडते ती पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, ती परकर-पोलक्यात किंवा शाळेच्या गणवेशात पडते. तेव्हा कपड्यांसह तरंगायला शिकवणे हेच खरे शिक्षण आहे.

चौथा आक्षेप पैशाचा. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे, पिण्याचे पाणी हवे, ग्रंथालय हवे असे लिहिले आहे. पोहण्याचे नाव नाही. ते राज्याने आपल्या नियमांत आणावे. तोपर्यंत आमच्या हक्काचा पैसा आहेच. जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते, ग्रामपंचायतीने १५ टक्के. मार्च उजाडला की हा पैसा कशाकशावर उडवला जातो हे आपण पाहतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत. तिथली मुले चोवीस तास शासनाच्या ताब्यात असतात. सुरुवात तिथूनच का होऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. इयत्ता तिसरीपासून प्रत्येक शाळेत जलसुरक्षेचे धडे सक्तीचे करा आणि ते उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण करा. पालिकेचे तरण तलाव दुपारच्या वेळी पालिका आणि जिल्हा परिषद शाळांच्या मुलांना विनामूल्य खुले करा. समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळा आणि आदिवासी आश्रमशाळांत प्रशिक्षित शिक्षक व शिक्षिका नेमा. शेततळी आणि वस्तीलगतच्या खदानींना कुंपण आणि दोर सक्तीचे करा, आणि ते नसल्यास मालक व ठेकेदारावर गुन्हा दाखल करा. बुडून मेलेल्या प्रत्येक मुलाच्या प्रकरणात 'आकस्मिक मृत्यू' लिहून फाइल बंद करण्याऐवजी ती जागा कोणाची होती आणि तिथे काय नव्हते, याची चौकशी करा.

सरकारकडे मागण्या करून आमचे काम संपत नाही. बाबासाहेबांनी आम्हाला अर्ज करायलाच शिकवले नाही, स्वतःच्या पायावर उभे राहायलाही शिकवले. १४ एप्रिलला आपण जयंती काढतो. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात वस्तीजवळच्या प्रत्येक विहिरीला, खदानीला एकेक दोर आणि एकेक ट्यूब लावून होईल, आणि उरलेल्या पैशात पोरांना शिकवणारा माणूस महिनाभर ठेवता येईल. जयंती एप्रिलच्या मध्याला येते आणि पोरे मे महिन्यात बुडतात. यापेक्षा सोयीचा मुहूर्त आणखी कोणता हवा? प्रत्येक बुद्धविहारात सुट्टीत एक रविवार जलसुरक्षेला द्या. समता सैनिक दलाच्या सैनिकांनी दोर फेकण्याचे आणि श्वास देण्याचे प्रशिक्षण घ्यावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली आमची लेकरे तिथे पहिल्यांदा समुद्र पाहतात आणि आईचा हात सोडून लाटेकडे धावतात. त्या आईच्या डोळ्यांतली भीती आम्ही दरवर्षी पाहतो. तिने आपल्या लेकराला समुद्र पाहू द्यावा आणि तरी तिच्या पोटात गोळा येऊ नये, एवढे तरी आम्हाला करता आले पाहिजे.

महाडला आमचे पूर्वज तहान भागवायला गेले नव्हते, माणूस म्हणून आपला हक्क सिद्ध करायला गेले होते. २० मार्च २०२७ रोजी त्या सत्याग्रहाची शंभर वर्षे. शताब्दीच्या निमित्ताने भाषणे होतील, पुतळ्यांना हार पडतील, मंत्री येतील, कमानी उभ्या राहतील. त्या मंत्र्यांना आमच्या प्रत्येक गावातून एकच प्रश्न गेला पाहिजे : आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पाण्याचा तास कितवा? आधी शाळेने आम्हाला पाण्याला शिवू दिले नाही. पुढे आम्ही शिवलो, पण शाळेने पाण्यात जगायला शिकवले नाही. आता शाळेलाच ते शिकवावे लागेल. काठावर राहिलेल्या चपलांची जोडी पाहून हळहळायला आम्ही यापुढे तयार नाही.

जय भीम!